लाहोर ते चंदीगड : वृत्तविद्येची वाटचाल

नगराला मानवी देहाची उपमा देण्याची कल्पना जुनी आहे. परंतु त्या उपमेबरहुकूम एक संपूर्ण राजधानी उभारण्याचा योग क्वचितच येतो. चंदीगडच्या बाबतीत तो आला. फाळणीत लाहोर गमावलेल्या पूर्व पंजाबासाठी नवी राजधानी आखताना ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने नगराचे एकेक अंग ठरवून दिले. उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी शासनसंस्थांचा समूह, ते शिर. सेक्टर १७ मधील व्यापारपेठ, ते हृदय. मोकळी मैदाने व उद्याने ही फुप्फुसे. सात प्रकारचे रस्ते म्हणजे रक्तवाहिन्या. विद्यापीठ व इतर शिक्षणसंस्था ही बुद्धी. आणि पूर्वेकडे, लोहमार्गाच्या बाजूला, कारखान्यांसाठी राखून ठेवलेला जो विस्तीर्ण पट्टा इंडस्ट्रियल एरिया या नावाने ओळखला जातो, ते या देहाचे उदर.

बुद्धी एका टोकाला आणि उदर दुसऱ्या टोकाला, अशी ही योजना आहे. नगररचनेच्या दृष्टीने ती सोयीची असेल. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, ते यांपैकी कोणत्याही एका टोकाला पुरते मावत नाहीत. वृत्तपत्र हा त्यांतला प्रमुख होय. त्याला बुद्धी लागते, तसा छापखानाही लागतो. विद्वत्ता आणि यंत्र, लेखणी आणि शाई, व्याख्यानगृह आणि कारखाना यांच्यामधल्या रस्त्यावरून ते सदैव ये-जा करीत असते. आज विद्यापीठांत ‘ऑनलाइन पत्रकारिता’ या नावाने जो विषय शिकविला जातो, त्यात तर छापखानाच उरलेला नाही. मग त्या विषयाचा विद्यार्थी नेमके काय शिकतो, आणि ते शिकणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न सहज उभा राहतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर हा विषय विद्यापीठाच्या दारात कसा आला हे पाहिले पाहिजे. आणि ती हकीकत चंदीगडपासून नव्हे, तर लाहोरपासून सुरू होते.

इ. स. १८८१ हे वर्ष महाराष्ट्राला ‘केसरी’मुळे परिचित आहे. त्या वर्षी २ जानेवारीस ‘मराठा’ हे इंग्रजी आणि ४ जानेवारीस ‘केसरी’ हे मराठी साप्ताहिक पुण्यात निघाले. ‘मराठा’ निघाल्याला बरोबर एक महिना झाला, त्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारी १८८१ रोजी, लाहोर येथे सरदार दयालसिंग मजीठिया यांनी ‘ट्रिब्यून’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. त्यासाठी लागणारा छापखाना सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी कलकत्त्यात खरेदी करून दिला होता आणि पहिला संपादकही त्यांनीच सुचविला होता. पुणे आणि लाहोर या दोन दूरच्या शहरांत, एकमेकांचा काही संकेत नसताना, एकाच हिवाळ्यात हे उद्योग सुरू व्हावेत, यात काळाची गरज स्पष्ट दिसते.

या पत्रांच्या चालकांना वृत्तपत्राचे शिक्षण कोठे मिळाले होते? कोठेही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर शिक्षकी पेशातून आलेले, टिळक कायद्याचे पदवीधर आणि आगरकर एम. ए. झालेले. विद्यापीठाने त्यांना इतिहास, गणित, तर्कशास्त्र व न्याय शिकविला होता. बातमी कशी पारखावी, अग्रलेख कसा बांधावा, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. छापखाना हीच त्यांची शाळा होती. छापखान्याचे बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली तेव्हा या मंडळींनी खिळ्यांच्या पेट्या स्वतः वाहून नेल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुढे देवनागरी खिळ्यांची प्रचंड संख्या कमी कशी करता येईल, या खटपटीत टिळकांनी जातीने लक्ष घातले. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला खिळ्याचीही चिंता असली पाहिजे, हे त्या पिढीने गृहीतच धरले होते.

या शाळेची परीक्षाही कठीण होती. १८९७ आणि १९०८ या वर्षी ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना कारावास भोगावा लागला. १९१९ मध्ये पंजाबात लष्करी कायदा जारी झाला असता ‘ट्रिब्यून’चे संपादक कालीनाथ रॉय यांनाही त्यांच्या लेखनाबद्दल शिक्षा झाली. अशा परंपरेतून एक दृढ समज रूढ झाला, तो असा की, पत्रकार जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही; आणि घडलाच तर तो वृत्तपत्राच्या कचेरीतच घडतो, वर्गातील बाकावर नव्हे. हा समज केवळ हिंदुस्थानातच होता असेही नाही.

अमेरिकेत जोसेफ पुलित्झर हे वृत्तपत्रांचे बडे मालक. कोलंबिया विद्यापीठाला मोठी देणगी देऊन पत्रकारितेचे महाविद्यालय काढावे, असा प्रस्ताव त्यांनी १८९२ मध्ये मांडला. विद्यापीठाने तो नाकारला. वैद्यक किंवा कायदा यांच्या पंक्तीला हा धंदा बसवावा, ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटली. पुलित्झर यांनी आपला आग्रह सोडला नाही. तथापि हे महाविद्यालय सुरू झाले ते १९१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. त्यापूर्वीच, १९०८ मध्ये, मिसुरी विद्यापीठाने वॉल्टर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली पत्रकारितेची शाळा उघडली होती. तिचे वैशिष्ट्य असे की, वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालविलेले एक खरेखुरे वृत्तपत्रही सुरू झाले. नगरातील लोक ते वाचत. त्यातील चूक ही उत्तरपत्रिकेतील चूक नसून एका शेजाऱ्याच्या अब्रूला लागलेला धक्का असे. वर्ग आणि छापखाना यांच्यातील अंतर मिटविण्याचा हा मार्ग पुढे जगभर अनुकरणीय ठरला.

हिंदुस्थानात या दिशेने पहिले पाऊल १९२० च्या सुमारास ॲनी बेझंट यांच्या अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात पडले. त्यानंतर १९३८ मध्ये अलीगढ विद्यापीठाने असा अभ्यासक्रम काढला. तोही अल्पायुषी ठरला. टिकाव धरणारा पहिला विभाग निघाला तो १९४१ मध्ये, लाहोर येथील पंजाब विद्यापीठात. त्याचे प्रवर्तक प्राध्यापक पी. पी. सिंग. ज्या शहरात ‘ट्रिब्यून’ साठ वर्षे चालत होते, जेथे इंग्रजी, उर्दू, हिंदी व पंजाबी पत्रांची गर्दी होती, तेथे ही शाळा निघावी हे स्वाभाविकच होते. विद्यार्थ्याला वृत्तपत्र पाहावयाचे असेल तर त्याला लांब जावे लागत नव्हते.

सहा वर्षांनी फाळणी आली. पंजाबच्या त्या उन्हाळ्यात बातमीपेक्षा अफवा अधिक वेगाने धावली. कोठे आगगाडी अडविली, कोठे मोहल्ला पेटला, कोणाला मारले, याच्या ऐकीव कहाण्या गावोगाव पोहोचत आणि खरे-खोटे कळण्याआधीच सूडाची दुसरी फेरी सुरू होई. वृत्तपत्रे होती, परंतु ती निघावी, पोहोचावी आणि लोकांनी त्यांवर विश्वास ठेवावा, ही व्यवस्थाच कोलमडली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये ‘ट्रिब्यून’ला लाहोर सोडावे लागले आणि त्याचे प्रकाशन काही आठवडे बंद पडले. सप्टेंबरमध्ये ते सिमल्याहून पुन्हा निघू लागले. १९४८ मध्ये अंबाल्यास गेले. पत्रकारितेचा विभागही निर्वासित झाला. प्राध्यापक सिंग यांनी तो दिल्लीत पुन्हा उभा केला. इकडे लाहोरच्या विद्यापीठातही तो चालूच राहिला. आज लाहोर आणि चंदीगड या दोन्ही ठिकाणचे विभाग आपले जन्मवर्ष १९४१ हेच सांगतात. सीमारेषेने संस्थेचे दोन भाग केले. तिचा जन्मदिन मात्र तिला वाटून देता आला नाही.

दिल्लीतील पंधरा वर्षांच्या मुक्कामानंतर १९६२ मध्ये हा विभाग चंदीगडला, सेक्टर १४ मधील विद्यापीठाच्या नव्या परिसरात आला. त्यानंतर सात वर्षांनी, २५ जून १९६९ रोजी, ‘ट्रिब्यून’ही अंबाल्याहून चंदीगडला आले. त्याची वास्तू सेक्टर २९ मध्ये उभी राहिली. ती जागा अशी आहे की, समोरचा पूर्व मार्ग ओलांडला की इंडस्ट्रियल एरिया सुरू होतो. त्या इंडस्ट्रियल एरियाच्या पहिल्या टप्प्यात ‘इंडियन एक्सप्रेस’च्या चंदीगड आवृत्तीनेही आपला मुक्काम ठोकला. १५ ऑगस्ट १९७८ रोजी ‘ट्रिब्यून’ने हिंदी व पंजाबी अशी दोन भावंडेही काढली. अशा रीतीने लाहोरला जे शेजारी होते, ते शिक्षण आणि छापखाना, चंदीगडमध्ये पुन्हा एकाच गावचे रहिवासी झाले. फक्त एक पश्चिमेच्या टोकाला, बुद्धीच्या स्थानी, आणि दुसरा पूर्वेच्या टोकाला, उदराच्या कडेला.

याच काळात महाराष्ट्रातही ही विद्या रुजत होती. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. त्यासाठी अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्झली नागपुरास आले होते. भारतीय पत्रकारितेवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होता. त्याच वर्षी न्यायमूर्ती गणपत सखाराम राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली देशाचा पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ मध्ये त्याने आपला अहवाल दिला. १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत वृत्तपत्रविद्येचा विभाग उघडला. ज्या शहरात ‘केसरी’ जन्मला, तेथे ही विद्या वर्गात येण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या विभागांतून काय शिकविले जाई? बातमीचे लेखन, संपादन, वृत्तपत्रांचा इतिहास, कायदा, मुद्रण. जुन्या संपादकांचा आक्षेप असा होता की, यांतले जे शिकविता येते ते कचेरीत सहा महिन्यांत येते आणि जे कचेरीत येत नाही ते कोणालाच शिकविता येत नाही. या आक्षेपात तथ्य होते. ते कशामुळे होते, हे मात्र पुढे कळावयाचे होते.

छापील वृत्तपत्राची एक बातमी किती हातांतून जात होती, ते पाहण्यासारखे आहे. बातमीदार ती आणी. उपसंपादक तिच्यातील नावे, आकडे व भाषा तपासून मथळा देई. मुख्य उपसंपादक तिला जागा ठरवून देई. जुळारी एकेक खिळा उचलून ती जुळवी. पुढे ते काम ओतीव ओळी काढणाऱ्या यंत्राने केले. मुद्रितशोधक कच्चे मुद्रित मूळ प्रतीशी ताडून पाही. मग पान बांधले जाई, आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी आणखी एक नजर त्यावरून फिरे. यांपैकी कोणी ‘हे नाव बरोबर आहे ना?’ असे विचारले तर बातमी थांबे. अनुभवी जुळाऱ्याने संपादकाची चूक दाखविल्याच्या हकीकती जुन्या कचेऱ्यांत आवडीने सांगितल्या जात. सारांश, पडताळणी ही तेव्हा एखाद्या माणसाच्या सद्गुणावर सोडलेली नव्हती. ती यंत्रणेच्या रचनेतच मुरलेली होती. जस्ताच्या आणि शिशाच्या त्या जड पसाऱ्यामुळे बातमीला विलंब होई. परंतु त्या विलंबातच तिची पारख होई. उदराचे काम पचविण्याचे असते. छापखाना ते नकळत करीत होता, आणि म्हणूनच कचेरी ही पुरेशी शाळा वाटत होती.

हा पसारा टप्प्याटप्प्याने आटोपला. प्रथम शिशाचे खिळे गेले आणि प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी होऊ लागली. त्यांच्याबरोबर जुळारी गेला. नंतर संगणक आला. पान पडद्यावर बांधले जाऊ लागले आणि पुष्कळ कचेऱ्यांतून मुद्रितशोधकाची खुर्ची उठली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशातील सर्वसामान्य लोकांना इंटरनेट उपलब्ध करून दिले. त्याच वर्षी मद्रासच्या ‘हिंदू’ने आपली आवृत्ती तेथे ठेवली, ‘ट्रिब्यून’ची आवृत्ती १९९८ मध्ये निघाली. परदेशी स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांना चंदीगडचे वृत्तपत्र त्याच सकाळी वाचता येऊ लागले. अंबाल्याहून चंदीगडला यायला ज्या पत्राला एकवीस वर्षे लागली, ते आता क्षणार्धात कॅनडात पोहोचत होते.

मराठी पत्रांच्या वाटेत आणखी एक अडचण होती, ती लिपीची. टिळकांच्या काळी जो प्रश्न खिळ्यांच्या संख्येचा होता, तो शंभर वर्षांनी संगणकाच्या संकेतांचा झाला. प्रत्येक वृत्तपत्राचा टंक निराळा. एकाचे अक्षर दुसऱ्याच्या यंत्रावर उमटेना. वाचकाला आधी त्या पत्राचा टंक उतरवून घ्यावा लागे, मगच बातमी वाचता येई. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. १९९१ पासून आकाराला आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला स्थान मिळाले, आणि २००० नंतर ती सर्वसाधारण संगणकांवर दिसू लागली, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली. मराठी बातमी शोधता येऊ लागली, साठविता येऊ लागली, एकाने दुसऱ्याला धाडता येऊ लागली. त्यानंतर काही वर्षांतच खिशात मावणारे दूरध्वनी हे काम करू लागले.

विद्यापीठांना या बदलाची दखल घेणे भाग होते. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझमने २००० मध्ये मुद्रित, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या बरोबरीने नवमाध्यमांची स्वतंत्र शाखा ठेवली. हळूहळू ऑनलाइन पत्रकारिता हा विषय देशभरच्या अभ्यासक्रमांत शिरला. चंदीगडच्या विभागाचेही नाव बदलले. तो आता स्कूल ऑफ कम्युनिकेशन स्टडीज म्हणून ओळखला जातो. प्रारंभी या विषयाचे शिक्षण बरेचसे यांत्रिक होते. संकेतस्थळ कसे बांधावे, मजकुराला चित्र, ध्वनी व चलत्चित्र यांची जोड कशी द्यावी, शोधयंत्राच्या नजरेस पडेल असा मथळा कसा लिहावा, अशा कसबांवर भर होता. कसबे बदलतात. दहा वर्षांपूर्वी शिकलेले साधन आज अडगळीत पडलेले असते. म्हणून पुन्हा तोच जुना आक्षेप निघाला : हे कचेरीत येईल; त्यासाठी विद्यापीठ कशाला?

या आक्षेपाला दिलेले उत्तर पुस्तकातून आले नाही. ते घटनांतून आले, आणि त्यांतील एक घटना महाराष्ट्राला विसरता येणार नाही अशी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे भिक्षुकी करीत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील होती, सोलापूर जिल्ह्यातून आलेली. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा कित्येक दिवस दूरध्वनीवरून एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. तो मजकूर कोणी लिहिला, हे कोणी विचारले नाही. त्याला उपसंपादक नव्हता, जुळारी नव्हता, मुद्रितशोधक नव्हता. ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारू शकणारी एकही खुर्ची त्या वाटेवर नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने एकच संदेश पुढे धाडण्यावर भारतात पाच जणांची मर्यादा घातली. पूर्वी शिशाचा पसारा जो विलंब आपोआप घडवीत असे, तो आता मुद्दाम निर्माण करावा लागला, असाच या उपायाचा अर्थ होतो.

१९४७ च्या पंजाबात अफवा तोंडी फिरत होती. २०१८ च्या खानदेशात ती लिखित रूपात आणि चित्रांसह फिरली. माणसाचा स्वभाव तोच होता, वाहन मात्र बदलले होते. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवण्याची सवय मुद्रणाच्या काळात समाजाला लागली, कारण त्या अक्षरामागे पडताळणीची साखळी होती. साखळी गेली तरी सवय राहिली. धोका आहे तो येथे.

हा धोका टाळण्यासाठी दंडशक्तीचा आश्रय घ्यावा, असे सुचणे साहजिक आहे. परंतु त्याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने तो लिहिला होता आणि दुसरीने त्याला केवळ पसंती दर्शविली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाचा अशा प्रकरणांत वापर होत असे, ते कलम दिल्लीच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने न्यायालयात आव्हानित केले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. पुढे २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील वृत्तप्रकाशकांना सरकारी आचारसंहितेशी बांधण्याचा प्रयत्न केला. त्यांतील महत्त्वाच्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. टिळकांच्या व कालीनाथ रॉय यांच्या काळापासून चालत आलेला प्रश्नच येथे नव्या वेषात दिसतो. राजसत्तेच्या हाती पडताळणीची लेखणी दिली तर ती प्रथम टीकाकाराच्या मजकुरावर फिरते. म्हणून पडताळणी ही व्यवसायाच्या आतूनच यावी लागते. आणि आतून येणारी गोष्ट शिकवावी लागते.

ती शिकली असता काय साधते, याचेही उदाहरण चंदीगडनेच दिले. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्रिब्यून’मध्ये एक बातमी प्रसिद्ध झाली. व्हॉट्सॲपवरून भेटलेल्या एका अनामिक दलालाला पाचशे रुपये दिले असता दहा मिनिटांत कोट्यवधी नागरिकांचा आधार तपशील पाहण्याची किल्ली मिळाली, असे त्या पत्राच्या बातमीदार रचना खैरा यांनी लिहिले होते. आधार प्राधिकरणाने माहितीगळतीचा आरोप नाकारला, बोटांचे ठसे इत्यादी जैविक माहिती सुरक्षित असल्याचे सांगितले, आणि पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत बातमीदाराचेही नाव आले. त्यावर देशभरच्या संपादकांनी निषेध नोंदविला. या प्रकरणातील वादाचा निर्णय काहीही असो, बातमी मिळविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. विषय संगणकाचा, व्यवहार इंटरनेटवरचा, दलाल न दिसणारा. परंतु पद्धत जुनीच. कानावर आले ते छापले नाही. स्वतः पैसे देऊन पाहिले, काय मिळाले ते नोंदले, संबंधित अधिकाऱ्यांना विचारले, मग लिहिले. साधने सारी नवी होती. शिस्त मात्र खिळ्यांच्या काळातलीच होती.

विद्यापीठातील ऑनलाइन पत्रकारितेचे आजचे अध्यापन याच शिस्तीभोवती पुन्हा उभे राहू लागले आहे. फिरत आलेले छायाचित्र मूळ कोठे व केव्हा घेतले होते, ते शोधून काढणे. चलत्चित्रातील दुकानाची पाटी, डोंगराची रेषा, सावलीची दिशा यांवरून जागा व वेळ ठरविणे. सरकारी आकड्यांचा तक्ता मुळापासून तपासणे. झालेली चूक गुपचूप पुसून न टाकता ती कबूल करून दुरुस्ती नोंदविणे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, खात्री होईपर्यंत बातमी हातात धरून ठेवणे. यांतील एकेक काम पूर्वी निराळा मनुष्य करी. आता ते सारे एकाच व्यक्तीला, एकाच पडद्यापुढे, घड्याळ धावत असताना करावयाचे आहे. जुळारी, मुद्रितशोधक आणि मुख्य उपसंपादक हे तिघे ज्याच्या मनात एकत्र राहू शकतील असा पत्रकार आपोआप घडत नाही. जुनी कचेरी त्याला घडवू शकत होती, कारण ते तिघे त्याच्या शेजारी बसत. ते तेथून उठल्यावर कचेरीची शाळा बंद पडली, आणि विद्यापीठाची शाळा, जी एके काळी अनावश्यक भासली होती, ती गरजेची झाली. पुलित्झरच्या आणि पी. पी. सिंगांच्या आग्रहाचे खरे समर्थन अशा रीतीने त्यांच्या हयातीनंतर मिळाले.

अर्थात केवळ व्याख्यानांनी हे साधणार नाही. मिसुरीच्या शाळेने पहिल्याच दिवशी जो धडा घातला तो आजही लागू आहे. विद्यार्थ्याच्या मजकुराला खरा वाचक हवा आणि चुकीची खरी किंमत हवी. ज्या विभागात विद्यार्थी आपल्या गावच्या नगरपालिकेचे, बाजारसमितीचे, रुग्णालयाचे वृत्त प्रत्यक्ष लिहून लोकांसमोर ठेवतात आणि लोक त्यांना जाब विचारतात, तेथेच ही विद्या अंगी लागते. महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत आज मराठी वृत्तस्थळे निघत आहेत. पुष्कळदा एखादा तरुण एकटाच बातमीदार, संपादक आणि प्रकाशक असतो. त्याच्या हाती जे यंत्र आहे ते टिळक-आगरकरांच्या छापखान्याहून शतपट समर्थ आहे. त्या छापखान्याभोवती असलेली माणसे मात्र त्याच्याजवळ नाहीत.

चंदीगडचा इंडस्ट्रियल एरियाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. २००५ च्या धोरणानुसार तेथील कारखान्यांच्या जागा व्यापारी उपयोगासाठी बदलून घेण्याची मुभा मिळाली. जेथे यंत्रे धडधडत होती तेथील कित्येक भूखंडांवर दुकाने, उपाहारगृहे व कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. २०१३ मध्ये तेथे उघडलेला एलांते हा प्रचंड मॉल हे त्याचे ठळक उदाहरण होय. कॉर्ब्युझिएने ज्याला उदर म्हटले, त्याचे स्वरूप पालटले. वृत्तपत्रांची छपाई अद्याप चालू आहे. परंतु बातमी आता छपाईच्या आधीच लोकांपर्यंत पोहोचलेली असते. जे कच्चे होते ते पचविण्याचे काम पूर्वेच्या टोकाला होत असे, ते आता बहुतांशी पश्चिमेच्या टोकाला, वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनातच व्हावे लागणार आहे. लाहोरहून निघालेला, दिल्लीत पंधरा वर्षे बिऱ्हाड केलेला तो विभाग १९६२ मध्ये सेक्टर १४ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडून कोणी एवढी अपेक्षा केली नव्हती. राईनपाड्याच्या बाजारात जे घडले त्यानंतर ती अपेक्षा त्याच्याकडून आणि पुण्या-नागपूरच्या त्याच्या भावंडांकडून करणे समाजाला प्राप्तच आहे.